बाग आवरू नका

शनिवार, सकाळचे पावणेआठ. आठवडाभर रात्री उशिरापर्यंत पुण्याच्या टीमबरोबर कॉल केलेला माणूस या वेळी झोपलेला असतो. निदान असावा. पण नोव्हेंबरात आमच्या मध्य न्यू जर्सीतल्या कॉलनीत ते शक्य नाही. आधी कोपऱ्यावरच्या घरात एक लीफ ब्लोअर सुरू होतो. त्याला समोरून दुसरा साथ देतो. मग ट्रकमधून चौघं उतरतात आणि पाठीवर टू-स्ट्रोक इंजिनं बांधून रस्ताभर पसरतात. विसर्जनाच्या डीजेला नावं ठेवत इथे आलेली आपली माणसं हा आवाज महिनाभर मुकाट ऐकतात, वर त्याचे पैसेही भरतात. डीजे निदान दहा दिवसांत आटोपतो हो!

या सोहळ्याला इथे 'फॉल क्लीनअप' म्हणतात. पानं गळाली, पहिला फ्रॉस्ट पडला, फुलझाडं काळी पडली की बाग आवरायची. म्हणजे वाळलेलं सगळं मुळापासून छाटायचं, पानं फुंकून गोळा करायची, कागदी पोत्यांत कोंबून रस्त्याच्या कडेला ठेवायची आणि मागे उरलेल्या उघड्याबोडक्या मातीकडे बघून 'चला, झालं एकदाचं' म्हणायचं. माझं म्हणणं सरळ आहे: हा शुद्ध गाढवपणा आहे. मी स्वतः सात वर्षं तो इमानेइतबारे केलाय, त्यामुळे बोलायचा मला अधिकार आहे.

आधी फ्रॉस्टचं सांगतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींना तो माहीत असायचं कारण नाही. मी कोकणातला, आमच्याकडे फ्रॉस्टला शब्दच नाही, कारण कधी लागलाच नाही. फार तर महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. निफाडच्या द्राक्षवाल्यांना मात्र थंडी म्हणजे काय ते विचारा. पारा घसरला की बिचारे रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. इथे मध्य जर्सीत पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र असली की जमीन दिवसभराची ऊब आभाळात सोडून देते. पानं तर हवेपेक्षाही गार पडतात. त्यामुळे फोनवर तापमान ३६ फॅरनहाइट, म्हणजे दोनेक सेल्सिअस, दिसत असलं तरी सकाळी गवतावर पांढरी साखर पेरलेली असते. डेलियाच्या पानांतलं पाणी गोठतं, पेशी फाटतात, आणि ऊन वर आलं की काल ताटाएवढी फुलं मिरवणारं झाड उकडलेल्या पालकासारखं लोंबायला लागतं. ॲस्टर तसाच उभा. पॅन्सी सकाळी मान टाकते आणि दुपारी परत हसते. जिथलं झाड तिथे टिकतं. डेलिया आणि झेंडू दोघंही मूळचे मेक्सिकोचे, त्यांना हे झेपत नाही.

आता या फ्रॉस्टची आपल्या घरातली भानगड अशी, की तो नेमका दसरा-दिवाळीच्या अधेमधे कडमडतो. अंगणातला झेंडू दसऱ्याला हमखास मिळतो, दिवाळीला मिळेलच असं नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. म्हणून आम्ही नवरा-बायको रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन झेंडूवर जुन्या साड्या पांघरत होतो. (प्लास्टिक नको, पानाला टेकलं की तिथेच करपतं. जुनी सुती साडी उत्तम, जमिनीची ऊब आत राहते.) समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी पडद्याआडून बघितलं. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. दोन रात्री वाचवला, तिसऱ्या रात्री गेला. त्या दिवाळीला तोरण दुकानातल्या फुलांचं.

एवढं सगळं एका झेंडूसाठी करणारा माणूस दुसऱ्याच शनिवारी कात्री घेऊन अख्खी बाग भुईसपाट करत होता. का? कुणी सांगितलं होतं? तर कुणीच नाही. आमच्या धंद्यात असे क्रॉन जॉब असतात. कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लावलेला, लावणारा कधीच सोडून गेलेला, दर रविवारी मध्यरात्री गपचूप चालतो आणि काहीतरी डिलीट करतो. काय डिलीट करतो? कुणी बघितलंय! बंद करायचं धाडस कुणात नाही. फॉल क्लीनअप हा तसला जॉब आहे.

मी लॉग बघितला तो अपघाताने.

आमच्या बायकोला शेपू लागतो. (मला लागत नाही, पण तो वेगळा वाद आहे.) दोन वर्षांपूर्वी ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या शेपूवर सुरवंट आले. हिरवेगार, काळे पट्टे, त्यावर पिवळे ठिपके, आणि डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडणारे. लेकीने त्यांची नावं ठेवली. हे ब्लॅक स्वॅलोटेल फुलपाखराचे सुरवंट. शेपू, पार्सली, गाजर, बडीशेप, या एका कुटुंबातली पानं खातात. शेपू संपवून ते गायब झाले. लेक म्हणाली, फुलपाखरं होऊन उडून गेले. मीही म्हटलं, हो. मग नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे बाग आवरली. शेपूचे दांडे, कोनफ्लॉवर, जो-पाय वीड, सगळं कापून बारा पोती भरली आणि पालिकेच्या गाडीला दिली. पुढे जानेवारीत सहज वाचताना कळलं, की उन्हाळ्याच्या शेवटच्या पिढीचे सुरवंट उडून जातच नाहीत. ते जवळच्या एखाद्या दांड्यावर किंवा कुंपणावर स्वतःला रेशमाच्या एका धाग्याने बांधून घेतात, तपकिरी कोष होतात आणि वाळक्या काटकीसारखे दिसत अख्खा हिवाळा, बर्फासकट, तिथेच काढतात. उडतात एप्रिल-मेमध्ये.

म्हणजे नावं ठेवलेले ते सगळे, किंवा त्यातले बरेच, त्या बारा पोत्यांत होते. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही.

आणि नुसतं फुलपाखरू असतं तर मी एवढा तावातावाने लिहायला बसलो नसतो. गंमत बघा, न्यू जर्सीचं राज्य-फुलपाखरू कोणतं? ब्लॅक स्वॅलोटेल, २०१६ पासून. राज्यपक्षी कोणता? गोल्डफिंच, १९३५ पासून. हा चिमणीएवढा पिवळा पक्षी कोनफ्लॉवरच्या नि ब्लॅक-आयड सुझनच्या वाळलेल्या बोंडांतल्या बिया टिपून खातो. हिवाळ्यात तो मळकट होतो, पण असतो इथेच. ती बोंडं आपण नोव्हेंबरात पोत्यात घालतो आणि मग दुकानातून बियांची पिशवी आणि चाळीस डॉलरचं बर्ड फीडर आणून त्याच पक्ष्याला बोलावतो. राज्याचं फूल? व्हायोलेट. ते लॉनमध्ये आलं की आपण त्यावर तणनाशक मारतो. राज्याच्या या तीनही मानकऱ्यांना अंगणातून हाकलण्याला आपण 'घराची निगा' म्हणतो!

पोकळ किंवा मऊ गराच्या दांड्यांत इथल्या छोट्या कार्पेंटर माश्या हिवाळा काढतात. या मधमाश्यांच्याच नात्यातल्या, पण पोळं न करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. बंबलबीची अख्खी वसाहत थंडीत मरते, उरते फक्त राणी. ती पानांच्या थराखाली, मातीत दोन-चार इंचांवर झोपलेली असते, आणि पुढच्या वर्षीची वसाहत तिच्या एकटीच्या पोटात असते. आमच्या भाषेत, एकच बॅकअप. तो कुठे ठेवलाय हे न बघता आपण डिस्क फॉरमॅट करतो.

काजव्यांचंही तेच. इथल्या काजव्याची अळी ओल्या मातीत आणि पानांखाली गोगलगायी, गांडुळं खात एक-दोन वर्षं काढते, तेव्हा कुठे जूनमध्ये दोन-तीन आठवडे चमकते. दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी डेकवर बार्बेक्यूला हमखास कुणीतरी उसासा टाकतं, "पहिल्यांदा आलो तेव्हा किती काजवे असायचे रे, हल्ली दिसतच नाहीत." हाच माणूस पानं उचलायला वर्षाला चारशे डॉलर देतो. याचेच पुण्यातले भाऊबंद काजवे बघायला भंडारदऱ्याला जाऊन ट्रॅफिक जॅम करतात.

पैशाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकू, कारण आपल्या लोकांना दुसरं काही पटलं नाही तरी हे पटतं. नोव्हेंबरात पानं न्यायला पैसे. एप्रिलमध्ये माती उघडी पडली, तण माजलं म्हणून काळा रंग दिलेला मल्च आणायला पैसे. माती निकस झाली म्हणून खताला पैसे. पालिका तीच पानं नेऊन त्यांचं कंपोस्ट करते, आणि बऱ्याच गावांत वसंतात ते कंपोस्ट आणायला हेच लोक एसयूव्ही घेऊन रांगेत उभे असतात. आपलीच पानं गावभर फिरवून आणायची, पेट्रोल जाळून! आईला फोनवर हे सांगितलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, "पातेरा विकत घेता?" आमच्याकडे गावी पातेरा म्हणजे धन. कलमांच्या बुंध्याशी घालायला, गोठ्यात अंथरायला, भाताच्या राबाला. शेजारणीने आपल्या हद्दीतला पातेरा ओढून नेला म्हणून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. त्या घरातला मुलगा अमेरिकेत जाऊन पातेरा न्यायला माणसाला पैसे देतो, ही प्रगती!

माझा राग त्या ब्लोअर पाठीवर घेतलेल्या माणसांवर नाही, हे सांगायला हवं. ते कान बधिर करून घेऊन पोट भरतात. त्यांच्यातल्या एकाने एकदा आमच्या झेंडूपाशी थांबून 'सेम्पासुचिल' म्हणून विचारलं होतं. तो मेक्सिकोचा. त्यांच्याकडे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या सणाला हाच झेंडू लागतो. मी ओंजळभर दिला. फ्रॉस्ट कधी येतोय याची धास्ती त्या रस्त्यावर आम्हा दोघांनाच असावी. यंत्रांचं म्हणाल तर वॉशिंग्टन डीसीने २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर वापरायलाच बंदी केली आहे, आणि कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून नव्यांची विक्री बंद केली. पण नुसता आवाज बंद होऊन भागत नाही. बॅटरीवरच्या ब्लोअरनेही राणी उडतेच.

आता आक्षेप. दरवर्षी तेच येतात.

"गोचिड्या होतात." खरं आहे, आणि हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. न्यू जर्सीत लाइम रोग आहे, आमच्या ओळखीत झालेला आहे, आणि तो पसरवणारी गोचीड पानांच्या ओल्या थरात राहते. म्हणून मुलं खेळतात तिथे, पायवाटेवर, दाराशी पानं ठेवायची नाहीत. फुलांच्या वाफ्यात, झाडाखाली, कुंपणाच्या कडेला ठेवायची. बागेतून आलं की पाय तपासायचे. ते तर एरवीही तपासायलाच हवेत.

"लॉन मरतं." जाड थर तसाच ठेवला तर मरतं. म्हणून लॉनवरची पानं दाताळ्याने ओढून वाफ्यात ढकला. उरलीसुरली मोअर फिरवून चुरा करा. पोतं कशाला?

"रोग राहतो." काही झाडांचा राहतो. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पानं, बुरशी आलेली पिओनी, आयरिसची पानं (त्यांवर बोअररची अंडी असतात), हे काढायचंच. डेलियाही काळा पडला की मी कापतो, कंद खणून काढतो आणि तळघरात खोक्यात ठेवतो. तुळस तर ऑक्टोबर लागताच स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, नाहीतर तुळशीच्या लग्नाला नवरी कुठून आणायची! काहीच करू नका असं मी म्हणतच नाहीये. काय करतोय ते बघून करा, एवढंच.

आणि मग खरा आक्षेप, बाकीचे सगळे ज्याच्या आड लपलेले असतात तो: "घाण दिसतं." ज्याच्या घरासमोर वाळक्या काटक्या, त्याचं काहीतरी बिनसलंय: नोकरी गेली असेल, घटस्फोट होत असेल. यात आपली माणसं गोऱ्यांच्याही पुढे. कारण आपल्याला इथे नीटनेटकं दिसायचं असतं, त्यातून दिवाळीच्या साफसफाईचं वळण हाडात भिनलेलं. जाळी-जळमटं काढायची तशी बागही झाडून काढायची. अंगण झाडलं नाही तर लक्ष्मी येत नाही म्हणे. अहो, पण आजी अंगण झाडायची आणि तो पातेरा परसात माडाच्या आळ्यात टाकायची. लक्ष्मी तिथेच जात असावी.

घाण दिसतं असं वाटत असेल तर एका हिवाळ्यात मॅनहॅटनला हाय लाइनवर जाऊन या. पीट औडोल्फ नावाच्या डच माणसाने तिथली झाडं योजली. २००९ मध्ये पहिला टप्पा उघडला, जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवर. उन्हाळ्यात लोक फुलं बघायला जातात. मला जानेवारीतला आवडतो. तांबूस गवतं, कोनफ्लॉवरची काळी बोंडं, त्यावर बर्फाच्या टोप्या. हिवाळाभर ते काही कापत नाहीत. मार्चपासून माणसं लावून कापतात. जगभरातून लोक विमानाने येऊन जे बघतात, तेच आमच्या दारात असलं की मृत झाडोरा होतो.

'मृत झाडोरा' हा शब्द माझा नाही. आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलंय, त्यातला आहे. फ्रंट यार्डमधला मृत झाडोरा १५ नोव्हेंबरपर्यंत हटवावा, अन्यथा दंड. हेच असोसिएशन सप्टेंबरात कॉलनीच्या फाटकाशी कुंड्यांच्या रांगा मांडतं: मम्स. मम म्हणजे कोण, तर आपली शेवंती! कारखान्यातून काढल्यासारखी गोल, फुलांनी गच्च भरलेली. ती तशी विकण्यासाठीच वाढवलेली असते. फुलावर आलेली शेवंती ऑक्टोबरात जमिनीत लावली तरी थंडीच्या आत मूळ धरायला तिला वेळ मिळत नाही. वसंतात लावली असती तर वर्षानुवर्षं जगली असती. पण जगवायचीय कुणाला? थँक्सगिव्हिंगला ती कुंडीसकट कचऱ्यात. जिवंत झाड कचऱ्यात टाकणं याला नीटनेटकेपणा म्हणायचं, आणि माझ्या दारात हिवाळाभर पक्षी जेवतात ती बोंडं म्हणजे मृत झाडोरा. असो.

पुण्यात बसून "बरं झालं, आमच्याकडे फ्रॉस्ट नाही" म्हणणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या मागे सकाळी कशाचा धूर येतो ते बघावं. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे. ज्याला सुकी पानं नकोत आणि ज्याला हवीत, अशांची तिथे गाठ घालून देतात. माहीत नसेल तर शोधा.

मी पत्राला उत्तर पाठवलंय. दर्शनी कडेला फूटभर उंचीची सुबक किनार ठेवतो, पायवाट झाडतो, गुलाब नि आयरिस साफ करतो, पण बाकीचं मार्चअखेरपर्यंत कापणार नाही. आणि तेव्हाही दांडे फूट-दीड फूट ठेवून वरचंच कापीन, कारण त्या खुंटांत पुढच्या माश्या घरं करतात. राज्यपक्षी आणि राज्य-फुलपाखरू यांचा उल्लेख केलाय. वकिली भाषा आपल्यालाही येते की थोडी :) मंगळवारी संध्याकाळी साडेसातला सुनावणी आहे. बायको म्हणते, दंड भर आणि गप्प बस, चार लोकांत शोभा नको. दंड पन्नास डॉलर. भरीनही कदाचित.

लेकीला या वर्षीचा कोष सापडलाय. खिडकीखालच्या जो-पायच्या दांड्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर. मी तीनदा बघूनही मला काटकीच दिसली होती. तिला तो मंगळवारी न्यायचा होता, सगळ्यांना दाखवायला. नाही म्हटलं, तो हलवायचा नसतो. मग तिने फोटो काढला, आणि ब्लोअरवाल्या काकांना लांबून दिसावं म्हणून त्या दांड्याला राखीचा लाल दोरा बांधून ठेवलाय.